धडधड: टर्नर्स लेन ते कात्रज

१८६३ साल. फिलाडेल्फिया शहराच्या कडेला टर्नर्स लेनवरचं लष्करी इस्पितळ. तुम्ही खाटेच्या काठावर बसला आहात. वय बावीस, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजेचा निळा कोट अंगावर, आणि जखम कुठेही नाही. शेजारच्याच्या हाताची नस गोळीने दुखावली आहे. त्या हाताला चादर लागली तरी तो किंचाळतो. तुमचे हातपाय शाबूत. रात्री तो कण्हायला लागला की तुम्हाला आपल्या शाबूत अंगाची लाज वाटते.

सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकता आणि सुरू होतं. आधी छातीत एक ठोका चुकतो, मग ठोके एकमेकांच्या अंगावर पडायला लागतात. डाव्या बाजूला कळ येते. बोटांना मुंग्या, तळहातांना घाम. श्वास आत जातो पण पुरत नाही. समोरची भिंत लांब गेल्यासारखी दिसते, माणसांचे आवाज विहिरीतून यावेत तसे येतात. आणि या सगळ्यात एकच गोष्ट स्वच्छ कळत असते: आपण आत्ता मरणार. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत गोळ्यांखाली पालथे पडून होतात, तेव्हाही इतकी खात्री नव्हती.

दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरतं. नाडी तशीच सुटलेली.

डॉक्टर जेकब मेंडेस डा कोस्टा फेरीवर येतात. तिशीचा माणूस. पलटणीत तुम्हाला सगळ्यांनी कामचुकार ठरवलं होतं. हे तसं म्हणत नाहीत. आडवं व्हायला सांगून नाडी मोजतात, मग उभं करून मोजतात. आकडा एकदम वर चढतो. छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकतात. वेगळं काही सापडत नाही. मग प्रश्न सुरू होतात. हे कधीपासून? आधी ताप येऊन गेला होता? हगवण? पाठपिशवीचे पट्टे छातीला आवळतात का? डाव्या कुशीवर झोपता येतं? नाही येत, आणि आजवर तुम्हाला ते कुणी विचारलंही नव्हतं.

ईसीजीचं यंत्र यायला अजून चाळीसेक वर्षं आहेत. बोटं, कान आणि वही एवढ्यावर हा माणूस असे शेकडो शिपाई तपासतो आणि १८७१ मध्ये त्यावर निबंध छापतो. दुखण्याला नाव देतो ‘इरिटेबल हार्ट’, चिडखोर हृदय. तुम्हाला सक्तीची विश्रांती मिळते आणि डिजिटॅलिस, म्हणजे हृदयाचं औषध.

त्या खाटांवरच्या सगळ्यांना आपण आज पॅनिकचे पेशंट म्हणू, असं मुळीच नाही. कुणाला तापाने पोखरलं होतं, कुणाचं खरोखरच हृदय बिघडलं असेल. पण वाकल्यावर, झोपेत, काही निमित्त नसताना येणारा तो झटका वाचला की आजचा कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ मान डोलावेल. डा कोस्टांचा मोठेपणा असा, की त्यांनी शिपायावर विश्वास ठेवला. पत्ता तेवढा चुकला.

त्याच १८७१ मध्ये बर्लिनला या. आता तुम्ही फिरते विक्रेते आहात, हातात नमुन्यांची पेटी. समोर मोठा फरसबंद चौक, दुपारचा, जवळजवळ रिकामा. पलीकडे गिऱ्हाइकाचं दुकान दिसतंय. पाय उचलत नाही. कशाची भीती वाटते हे सांगता येत नाही. चौकात ना घोडा ना चोर. तेवढ्यात एक गृहस्थ चौक ओलांडायला निघतात. तुम्ही त्यांच्या कोटाला जवळजवळ चिकटून मागे चालता आणि पार होता. दुकानात शिरण्याआधी पेलाभर बिअर घेता, म्हणजे परतीचं काही वाटणार नाही. कार्ल वेस्टफाल नावाचे डॉक्टर अशाच पुरुषांच्या हकिगती लिहून काढतात आणि या भीतीला ‘अ‍ॅगोराफोबिया’ हे नाव देतात.

एकाच साली, समुद्राच्या दोन बाजूंना, एका दुखण्याचे दोन तुकडे कागदावर उतरले. अमेरिकेतल्याला छाती दिसली, जर्मनीतल्याला चौक दिसला. १८९५ मध्ये व्हिएन्नात फ्रॉइडने ते जवळजवळ जोडलेच होते. झटक्याचं त्याने केलेलं वर्णन आजही चालेल. चौकाला भिणारा माणूस चौकाला भीत नसून तिथे झटका येईल आणि सुटका होणार नाही याला भितो, हेही त्याने ओळखलं. पण कारण शोधायला निघाला तो थेट बिछान्याकडे, आणि पुढची काही दशकं बरेच जण त्याच्या मागोमाग गेले.

प्रवासात असा आडवळणी थांबा घ्यायचा तर कुरुक्षेत्र का नको, असं कुणीतरी विचारेल. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून निसटणारं धनुष्य: अर्जुनाला पॅनिक अटॅक आला होता असं व्याख्यानांतून हल्ली सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. अर्जुनासमोर आजोबा उभे आहेत, गुरू उभे आहेत, आणि त्यांना मारायचं आहे. त्याच्या थरथरीला कारण आहे, आणि ते त्याला नीट सांगताही येतं. तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात.

पहिलं महायुद्ध झरझर ओलांडा. तिथे तुम्हीच पुन्हा खाटेवर आहात, फक्त कोट खाकी आहे आणि टॉमस लुईस तुमच्या दुखण्याला ‘एफर्ट सिंड्रोम’ म्हणतात. १९४१ मध्ये पॉल वुड हे लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात की हे दुखणं हृदयाचं नव्हेच, मूळ भीतीत आहे. हृदयवाल्यानेच हात वर केले म्हटल्यावर पेशंट दुसऱ्या दारात जाणार. त्या दारात आता आपण थांबू, कारण खरी ओळख तिथे पटली, आणि पटवून देणारं माणूस डॉक्टर नव्हतं.

१९६० च्या सुमाराचं न्यू यॉर्क. क्वीन्स भागातलं हिलसाइड हॉस्पिटल. इथे तुम्ही नर्स आहात. मनोरुग्णांचं इस्पितळ आहे, मनोविश्लेषणाचा जोर आहे, माणसं महिनोन्‌महिने राहतात. तुम्ही टेबलापाशी उभ्या राहून केसपेपर लावत असता आणि कॉरिडॉरमधून पावलं ऐकू येतात. मान वर न करता तुम्हाला कळतं कोण ते.

“सिस्टर, मी मरतोय.”

चेहरा पांढराफटक, शर्ट पाठीला चिकटलेला. तुम्ही खुर्ची ओढता, त्याचा हात हातात घेता. बोटं बर्फासारखी. घरचं विचारता, जेवणाचं विचारता, काहीबाही बोलत राहता. वीसेक मिनिटांनी हाताला ऊब येते, तो ओशाळून उठतो आणि खोलीकडे जातो. दिवसातून तीन-चारदा हेच, गेले दहा महिने. विश्लेषकापुढे त्याचं बालपण उलगडून झालं आहे. गुंगीची औषधं झाली. क्लोरप्रोमाझीन हे त्या काळचं नामांकित औषध, तेही देऊन झालं. पावलं थांबलेली नाहीत.

डोनाल्ड क्लाइन नावाचे तरुण डॉक्टर एक नवी गोळी सुरू करतात. इमिप्रामीन. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना ती खिन्नतेवर लागू पडलेली दिसली होती. या माणसाला ती का द्यायची याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नाही. बाकी सगळं करून झालंय, एवढंच.

तीन आठवड्यांनी आढावा. पेशंट म्हणतो, काही उपयोग नाही. त्याचा थेरपिस्ट म्हणतो, फरक नाही, भीती तशीच आहे. क्लाइन जवळजवळ मान्य करून टाकतात. तुम्ही दाराशी उभ्या आहात, कुणी विचारलेलं नाही, तरी बोलता: तो बरा आहे.

सगळे वळून बघतात. कशावरून?

आठवडा झाला, तो आमच्या टेबलाकडे धावत आला नाही.

पेशंटला विचारतात, खरं का? खरं आहे. मग का नाही आलास? तो गोंधळतो, आणि सांगतो की नर्सेसना आपल्यासाठी काही करता येत नाही हे आता कळून चुकलंय. दहा महिन्यांत न कळलेलं नेमकं याच आठवड्यात कसं कळलं, याला त्याच्यापाशी उत्तर नाही. ही हकिगत क्लाइन पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

पण तुम्ही आणखी एक गोष्ट पाहिली आहे, आणि ती तितकीच मोलाची आहे. फाटकाबाहेर एकट्याने जा म्हटलं तर तो अजूनही जात नाही. ‘पुन्हा आलं तर?’ हे तोंडी कायम. तोवर समज असा होता की साधी काळजी वाढत वाढत टोकाला गेली की तिचाच झटका होतो. इथे गोळीने झटका गेला आणि काळजी जागच्या जागी राहिली. म्हणजे दोन्ही एक नव्हेत. आधी झटका येतो, कुठूनही. मग पुढच्या झटक्याची धास्ती बसते. मग जिथे जिथे तो येईल असं वाटतं त्या जागा माणूस टाळत जातो. डा कोस्टांची छाती आणि वेस्टफालचा चौक एका ओळीत आले. क्लाइननी १९६२ मध्ये मॅक्स फिंक यांच्याबरोबर आणि १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅनिक डिसऑर्डर’ हा आजार वेगळा नोंदला.

ऑक्सफर्डला फार वेळ लागणार नाही. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. डेव्हिड क्लार्क यांच्या खोलीत तुम्ही पेशंट म्हणून बसला आहात. हातात शब्दांच्या जोड्या दिल्या आहेत, मोठ्याने वाचायच्या. धडधड, मरण. धाप, गुदमरणं. चक्कर, शुद्ध हरपणं. नुसत्या वाचनाने तुमच्या छातीत हलायला लागतं. क्लार्क यांचं म्हणणं १९८६ च्या लेखात आहे: ठोका जलद होणं ही रोजची गोष्ट, पण तुम्ही त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ लावता, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोका वाढतो, वाढलेला ठोका त्या अर्थाला पुरावा म्हणून हजर होतो. बाकीचं काम श्वास करतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. हवा कमी पडते असं वाटतं, प्रत्यक्षात ती जास्त झालेली असते. आणि चक्कर येऊन पडण्याची धास्ती असते तिथे गंमत अशी, की बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब उतरावा लागतो. झटक्यात तो चढलेला असतो.

आता पुणे, या वर्षीचं. तुम्ही एसटीत कंडक्टर आहात, सकाळची स्वारगेट–भोर. मशीनमधून तिकीट फाडून एका आजोबांना सुटे परत देता आहात, गाडी कात्रजच्या बोगद्यात शिरते आणि छातीत ठोका चुकतो. पुढचं तुम्हाला १८६३ पासून पाठ आहे.

पाचव्या मिनिटाला तुम्ही पायरीवर बसलेल्या आहात. “ताईंना पाणी द्या.” “बीपी लो झालं असेल, साखर द्या.” “गॅस आहे, माझ्या सुनेला अस्संच होतं.” ड्रायव्हरदादा गाडी कडेला घेतात, प्रवासी मागच्या गाडीत बसवून देतात. कॅज्युअल्टीत मामा ईसीजीचं यंत्र ढकलत आणतात, छातीवर गार जेल. पट्टी नॉर्मल निघते. रक्त तपासतात, काही तासांनी पुन्हा तपासतात. हृदयाला इजा झाली की वाढणारं ट्रोपोनिन वाढलेलं नाही. ड्युटीवरचे डॉक्टर दमलेले आहेत, पण चांगले आहेत. “काही झालेलं नाही तुम्हाला. ताण घेऊ नका.”

इथपर्यंत आलात हे अगदी बरोबर केलंत. छातीतलं पहिलं दुखणं घरी ओळखायचं नसतं. कळ हातात किंवा जबड्यात जातेय का, चालल्यावर वाढतेय का, या खुणा माहीत असाव्यात. पण बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक या खुणा पाळेलच असं नाही. तेव्हा १०८ लावायचा, नाहीतर रिक्षा पकडायची. खोट आहे ती डॉक्टरांच्या त्या वाक्यात. हृदयाला काही झालेलं नाही, हे खरं. तुम्हाला झालंय.

कारण पुढचा महिना बघा. तुम्ही भोरची ड्युटी बदलून शहराजवळची घेता. मग तीही नको म्हणून डेपोतलं काम मिळतंय का विचारता. गाडीत बसलातच तर दाराजवळ. पिशवीत पाण्याची बाटली, साखरेची पुडी, ईसीजीची घडी केलेली पट्टी. नाडीवर बोट सारखं. चहा सोडलात, जिना सोडलात, कारण जिना चढला की ठोका वाढतो. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. माया आहे, राग येत नाही. टूडी इको करून झालाय, टीएमटी करून झाली, गॅस्ट्रोवाल्यांनी दुर्बीण सुचवली आहे. कुणीतरी झोपेची गोळी लिहून दिली. अल्प्राझोलाम. ती घेतली की वीस-तीस मिनिटांत बरं वाटतं, म्हणून गोळ्यांची पट्टी आता पर्समध्येच असते. महिन्यात झटके मोजून चार आले. आयुष्य मात्र स्वारगेटच्या आवारात मावेल एवढं उरलंय.

मानसोपचार ओपीडीत नंबर लागतो तेव्हा मॅडम आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर बघतात, दम्याचा पंप वापरता का विचारतात. ही सगळी दुखणी आणि औषधं छातीत धडधड करू शकतात. मग झटक्याचं विचारतात. तेरा लक्षणांपैकी चार लागतात, आणि काही मिनिटांत ते शिगेला पोचायला हवं. तुमची नऊ भरतात. पण त्यांचं पेन थांबतं ते पुढच्या प्रश्नाला. “झटका नसतो त्या दिवशी काय करता?” तुम्ही पाण्याच्या बाटलीचं सांगता. दाराजवळच्या सीटचं, जिन्याचं सांगता. हिलसाइडच्या टेबलापाशी जे पाहिलं जात होतं, तेच त्या विचारताहेत: पाय कुठे धावतात आणि कुठे जात नाहीत. एखादा झटका कुणालाही येऊ शकतो, त्याला डिसऑर्डर म्हणत नाहीत. अचानक येणारे झटके पुन्हा पुन्हा, आणि त्यानंतर महिनाभर तरी धास्ती किंवा टाळाटाळ, असं जमलं की म्हणतात. केसपेपरवर त्या ‘एफ ४१.०’ लिहितात, पॅनिक डिसऑर्डरचा संकेतांक. बायकांमध्ये हे पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट दिसतं, हेही सांगतात. तुम्हाला रडू येतं ते आजार निघाला म्हणून नाही, नाव निघालं म्हणून.

सर्ट्रालीन अगदी कमी डोसाने सुरू होतं. पहिले काही दिवस बेचैनी वाढू शकते हे आधी सांगितलं नसतं तर तुम्ही तिसऱ्या दिवशीच सोडलं असतं. गुण यायला काही आठवडे, आणि नंतरही बरेच महिने चालू ठेवायचं. एकदा रात्री अडीच वाजता टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ लावता. पलीकडचा आवाज मराठीत बोलतो, उपचार करत नाही, पण फोनही ठेवत नाही.

थेरपीची खोली बघून तुम्हाला हसू येतं. एक फिरती खुर्ची, शीतपेयाची नळी, आणि बाहेर जिना. खुर्चीत मिनिटभर गरगर फिरायचं. नाक दाबून नळीतून श्वास घ्यायचा. जिना धावत चढायचा. जे महिनाभर टाळलंत तेच मुद्दाम, रोज. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभ्या राहता, छाती फुटेलसं वाटतं, थेरपिस्ट घड्याळ बघत विचारतात, “आत्ता शंभरपैकी किती?” नव्वद. “आता?” नव्वद. “आता?” सत्तर. तुम्ही काहीच केलेलं नसतं. नाडी मोजली नाही, पाणी प्यायलं नाही, बसलाही नाहीत. ते आपलं आपण उतरलं.

भोरची गाडी पुन्हा घेता. आधी मधल्या सीटवर, मग बाटली न घेता. बोगद्यात दोनदा येतं. एकदा सुट्यांचा हिशेब चुकतो, एकदा तोही चुकत नाही. थेरपिस्ट वहीत टिपतात आणि पर्सकडे बघतात.

“पट्टी?”

“आहे. तीन महिने एकही घेतलेली नाही.”

“मग पुढच्या फेरीला डेपोत ठेवा.”

“पुढच्या नको. त्याच्या पुढच्या.”

“दोन गोळ्या तरी काढून ठेवा.”

“एक,” तुम्ही म्हणता.